हजेरीपटावरचे नाव

घरी पाहुणे आले की त्यांना बीबीचा मकबरा दाखवायचा, हा आपल्या छत्रपती संभाजीनगरातला घराघरातला रिवाज. शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हाही तो होता, आजही आहे. मुलांच्या हातात शेंगांच्या पुड्या देऊन आपण हौदाच्या कडेने चालत जातो, मिनार दाखवतो, ताजमहालाशी तुलना करतो आणि परत फिरतो. मुख्य दरवाजावरच्या लेखापाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही. तेथे दोन नावे कोरलेली आहेत. एक वास्तुकार अताउल्लाचे, दुसरे बांधकाम पाहणाऱ्या हंसपतरायाचे. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात या इमारतीचा खर्चही दिलेला आहे : सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. वरच्या सात आण्यांचा हिशेब साडेतीनशे वर्षे टिकला. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची, चुना मळणाऱ्या बायांची नावे मात्र कुठेच उरली नाहीत.

बांधकाम मजुराचे सर्वांत जुने दुखणे हेच आहे. त्याचे काम डोळ्यांसमोर उभे राहते आणि त्याचे नाव कुठेच राहत नाही. गिरणी कामगाराला निदान गिरणीचे फाटक असते, पास असतो, खात्याचा नंबर असतो. गवंड्याचा मालक आज एक, उद्या दुसरा. सकाळी चौकात उभे राहायचे, गुत्तेदाराने बोट दाखवले की टेम्पोत चढायचे, संध्याकाळी हातावर पडेल ते घेऊन घरी यायचे. अशा माणसांची संघटना बांधायची तरी कशी? कोणत्या फाटकावर सभा घ्यायची? बांधकाम मजुरांच्या चळवळीचा इतिहास म्हणजे या प्रश्नाशी घातलेली झटापट आहे. तो इतिहास सांगायचा तर एका अशा माणसापासून सुरुवात करावी लागते, ज्याला आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण मजुरांचा मंत्री म्हणून क्वचितच आठवतो. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दुष्काळी कामावरचा खजिनदार

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर पोटापाण्यासाठी सरकारी बांधकामाच्या नोकरीत शिरले. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकारने तलाव खणण्याचे काम काढले होते. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती. त्यांना काम देऊन जगवायचे म्हणून हा तलाव. रामजी तेथे खजिनदार होते. दुष्काळी कामावर पैशाची पेटी सांभाळणाऱ्या माणसाला मजुरीचा एकेक पैसा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

१९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर न्यायला कुणी आले नव्हते, कारण मुलांनी पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. मुले कोणत्या जातीची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. बरोबर खायला भरपूर होते, पण रात्रभर वाटेत कुणी पाणी दिले नाही. पुढे जगभर हिंडलेल्या या माणसाने हा प्रवास आयुष्याच्या शेवटपर्यंत मनात जपून ठेवला.

साताऱ्यातच असताना आपण मुंबईला पळून जावे आणि गिरणीत पोऱ्या म्हणून लागावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायची, हा बेत. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर तिच्यात अवघा अर्धा आणा! त्या दिवसापासून अभ्यास करून स्वतःच्या पायांवर उभे राहायचे, असे त्या मुलाने ठरवले. त्या पिशवीत पुरेसे पैसे असते तर आपल्या इतिहासाचे काय झाले असते, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

चाळ, गिरणी आणि मनमाड

कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बॅरिस्टर आंबेडकर परळच्या पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. शेजारी सगळे गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारे. त्यामुळे कामगारांचे प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. १९२८ च्या प्रचंड गिरणी संपात त्यांनी एक अवघड गोष्ट पुढे आणली. विणखात्यात पगार जास्त, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे आणि त्याला बरोबरचे कामगारच हरकत घेत. ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह त्यांनी धरला. पुढाऱ्यांनी ती मान्य केली खरी, पण मनापासून नव्हे. संघटना कामगारांची असते, पण तिच्यात कोणाचे दुःख मोजले जाते हा प्रश्न उरतोच, हा धडा त्यांनी तेव्हाच घेतला.

१९३४ साली सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला आपल्या भागात आले. दौलताबादच्या किल्ल्याशी पोचल्यावर दरवाजाजवळच्या हौदावर सगळ्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटवल्याचा गलका झाला, गर्दी जमली. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. हौद खणायला आणि दगड वाहायला जे हात चालतात, त्याच हातांनी ओंजळ भरली की पाणी बाटते, हा आपल्या समाजाचा हिशेब होता.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. मनमाड म्हणजे आपल्या गाडीचे जंक्शन. मराठवाड्यातल्या किती कुटुंबांनी तेथल्या फलाटावर वळकटीवर बसून रात्री काढल्या असतील! त्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेतल्या गँगमनची कहाणी मांडली. रूळ टाकणे, खडी भरणे, मार्गाची डागडुजी करणे एवढेच काम दलित माणसाच्या वाट्याला येते. तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. स्टेशनातल्या पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. कामगारांत फूट पाडतो, असा आरोप त्यांच्यावर होत असे. फूट आधीच पडलेली आहे, मी ती फक्त दाखवतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक विवादाचे विधेयक आणले. त्यात संपाच्या हक्काला मुरड घातलेली होती. संप करणे म्हणजे आपल्या अटींवर काम करण्याचे स्वातंत्र्य, असे मानणाऱ्या बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. ज्यांच्याशी त्यांचे पटत नव्हते त्यांच्याबरोबरही मजुराच्या हक्कासाठी उभे राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० डिसेंबरला, ते कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेला आले. निजामी राजवटीत वेठबिगारीने पिचलेल्या मराठवाड्यातल्या माणसांना आपला वाली प्रथमच जवळून दिसला.

दिल्लीतली चार वर्षे

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याकडे खाणी होत्या, वीज आणि पाटबंधारे होते आणि केंद्रीय बांधकाम खातेही होते. दुष्काळी तलावावर पैशाची पेटी सांभाळणाऱ्याचा मुलगा आता देशाच्या बांधकामांचा कारभारी झाला होता.

सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये भरली आणि पुढे रुळली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजुरांच्या वस्त्या हिंडून आले. खाणकामगारांसाठी कल्याण निधी झाला. १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीने देशभरातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी केली, तिच्यात केंद्रीय बांधकाम खात्यातले मजूरही होते. मजुराची स्थिती सुधारायची तर आधी ती मोजली पाहिजे, हा अर्थशास्त्रज्ञाचा आग्रह त्यामागे होता.

या काळातला एक निर्णय अडचणीचाही होता. युद्धामुळे कोळसा कमी पडू लागला, तेव्हा बायांना खाणीत भूमिगत कामावर घेण्याची बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली. कायदेमंडळात टीकेचा भडिमार झाला. बाबासाहेबांनी हा तात्पुरता उपाय असल्याचे सांगितले आणि एका गोष्टीवर बोट ठेवले : या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातलेली आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही मतभेद होऊ शकतात. पण घमेली वाहणाऱ्या बाईला आजही अनेक ठिकाणी गड्यापेक्षा कमी मजुरी मिळते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या अटीचे मोल कळेल.

कारखान्यातला कामाचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तासांचा दिवस आपण ज्याला म्हणतो तो हाच. पण बांधकामाची जागा म्हणजे कारखाना नव्हे. गवंड्याला आणि बिगाऱ्याला या तासांचा आधार मिळाला नाही. त्यांच्यासाठी महत्त्वाची ठरली ती दुसरी दोन विधेयके.

पहिले किमान वेतनाचे. ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी ते कायदेमंडळात मांडले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे मंत्रिपद संपले, आणि कायदा झाला तो १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. या कायद्याला जोडलेल्या यादीत ज्या कामांची नावे होती, त्यांत रस्ते आणि इमारतींचे बांधकाम होते, खडी फोडण्याचे कामही होते. ज्यांना संघटना नाही, ज्यांना मालकाशी घासाघीस करता येत नाही, त्यांच्या मजुरीचा तळ सरकारने ठरवावा, हे या कायद्याचे सूत्र. बेलदार, वडार, पाथरवट, बिगारी यांचे काम देशाच्या किमान वेतनाच्या कायद्यात नोंदले गेले ते येथे.

दुसरे विधेयक संघटनेला मान्यता देण्याचे. १९२६ च्या कायद्याने सात माणसे एकत्र येऊन संघटना नोंदवू शकत होती. पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन नव्हते. नोंदणी झालेली संघटना फाटकाबाहेर उभी आणि मालक आत बसलेला, असा तो प्रकार. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मान्यता सक्तीची करणारे विधेयक आणले. मालक बिथरले, चर्चेवर चर्चा झाल्या. अखेर १९४७ मध्ये ते संमत झाले आणि सरकारने ते कधी अमलातच आणले नाही! मंजूर होऊन कपाटात राहिलेल्या कायद्याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

नागसेनवनाचा दगड

घटनेच्या कामात संघटना करण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गेला आणि वेठबिगारीला बंदी आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि बाबासाहेबांची नजर मराठवाड्याकडे वळली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

दिल्लीतला पसारा आवरता आवरता प्रकृती खालावत होती. तरी ते औरंगाबादला येत, मुक्काम करीत आणि बांधकामात जातीने लक्ष घालत. घर बांधण्याचा नाद त्यांना जुनाच. दादरचे राजगृह त्यांनी असेच मनापासून उभे केले होते. पाणचक्की मागे टाकून लेण्यांच्या बाजूला गेले की लागणारा हा परिसर त्यांनी नागसेनवन केला. पुढे महाविद्यालयाला मिलिंद राजाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा मिलिंद आणि उत्तर देणारा नागसेन, अशी ही जोडी. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळापासून खेड्यापाड्यांतली मुले तेथे शिकू लागली. त्यांपैकी कितीतरी जणांचे आईबाप खडी फोडणारे, विहिरी खणणारे, दुसऱ्याच्या भिंती बांधणारे होते. दौलताबादच्या हौदापासून काही मैलांवर, सतरा वर्षांनंतर, हे पाणी सर्वांसाठी मोकळे झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा त्यांची ही इमारत उभी होती. त्या इमारतीचा दगड कोणी घडवला, ती नावे मात्र आपल्यापैकी कुणाला पाठ नाहीत.

पुढे काय झाले?

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला आठवतो. आजीला विचारा; ती खडीच्या ढिगाबद्दल आणि सुकडीबद्दल सांगेल. लाखो माणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. मस्टर हा शब्द तेव्हा खेडोपाडी घरचा झाला. त्या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. इकडे शहरात चिकलठाणा, सिडको, वाळूज अशी बांधकामे पसरत गेली. गावाकडून आलेला दुष्काळी मजूर शहरातला बांधकाम मजूर झाला. त्याची उचल गुत्तेदाराकडे, हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत, आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाचीच नाही.

संघटनांनी मग जुना रस्ता सोडला. एका मालकाशी भांडून काही साधत नाही, कारण मालक रोज बदलतो. म्हणून सगळ्या बांधकाम धंद्यालाच मालक धरून त्याच्याकडून वर्गणी घ्यावी, ही मागणी पुढे आली. १९८५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या संघटना त्यासाठी एकत्र आल्या आणि ११ वर्षांनी, १९९६ मध्ये, बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, त्यातून कल्याण निधी. महाराष्ट्राचे मंडळ मात्र २०११ मध्ये उभे राहिले. आता मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला त्यातून मदत मिळते. मुख्य अट : वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. आणि तो दाखला आणायचा कुठून? नव्वद दिवसांत तीस मालक झाले असतील तर सही कोणाची घ्यायची? म्हणून आज या क्षेत्रातल्या संघटनेचा कार्यकर्ता लाल किंवा निळा झेंडा घेऊन जितका फिरतो, त्याहून अधिक अर्जांची चळत घेऊन फिरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि किमान वेतनाचा तो १९४८ चा कायदा त्यांच्यात विलीन झाला. आस्थापनेतल्या बहुमताच्या संघटनेशी मालकाने वाटाघाट केलीच पाहिजे, हे तत्त्व देशाच्या कायद्यात आता आले आहे. १९४३ साली मांडलेल्या विचाराला ८२ वर्षे लागली. पण ते बहुमत मोजायचे कशावरून? त्या आस्थापनेच्या हजेरीपटावर ज्यांची नावे आहेत, त्यांच्यावरून. चौकात उभ्या असलेल्या गवंड्याचे नाव ज्या पटावर नाही, त्या पटावरून त्याचा हक्क ठरणार.

म्हणजे प्रश्न पुन्हा मकबऱ्याच्या दरवाजाशी येऊन ठेपतो. बाबासाहेबांचे मजूरमंत्री म्हणून काम डोळ्यांखालून घातले तर त्यांची धडपड एकाच ठिकाणी चाललेली दिसते : राबणारा माणूस आधी मोजला जावा, नोंदला जावा, मग त्याच्याशी बोलले जावे. उपकार म्हणून दिलेली मजुरी काढून घेता येते, नोंद असलेल्या माणसाचा हक्क तितक्या सहज काढता येत नाही.

यात आपल्यालाही थोडे करण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या वर्षी एखादी खोली वाढेल, गच्चीला गिलावा होईल. काम संपताना गवंड्याने आणि त्याच्याबरोबरच्या बाईने किती दिवस काम केले, ते कागदावर लिहून खाली सही करायला पाच मिनिटे लागतात. दाखल्याच्या वाटेवरचा तो पहिला कागद असतो. सिमेंटच्या पोत्यांचा आणि विटांचा हिशेब आपण शेवटच्या रुपयापर्यंत ठेवतोच. त्याच वहीत दोन नावे आणखी लिहायची आहेत.